क्रेनियल नर्व्ह: संवेदी-प्रेरकचा तक्ता पाठ आहे, पण जिभेला आणि डोळ्याला नक्की कोण?

अर्धवट_अभ्यासू

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे. बाराही क्रेनियल नर्व्ह (थेट मेंदूतून निघणाऱ्या नसा) क्रमाने येतात, झोपेतून उठवून विचारलं तरी. १, २, ८ संवेदी, म्हणजे खबर नेणाऱ्या. ३, ४, ६, ११, १२ प्रेरक, म्हणजे हलवणाऱ्या. ५, ७, ९, १० मिश्र. इथपर्यंत ठीक.

आमच्या तोंडी परीक्षेत मात्र मॅडम क्रमांक विचारतच नाहीत. त्या विचारतात, "जिभेला कोणती नर्व्ह?" बारावी म्हटलं की पुढचा प्रश्न तयार, "मग टाचणी टोचली तर कळवणार कोण? आणि चव?" तसंच पापणीचं. आणि चेहऱ्याला पाचवी की सातवी यावर तर आमच्या बॅचमध्ये अजून वाद चालू आहे. अर्धांगवायूत कपाळ वाचतं आणि बेल्स पाल्सीत (सातवी सुजून अर्धा चेहरा लुळा पडतो त्यात) वाचत नाही, हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे, कारण कुणालाच सांगता येत नाही.

संवेदी-प्रेरक-मिश्र लक्षात ठेवायची इंग्रजी आद्याक्षरांची ती लग्नाची आणि पैशाची ओळ कृपया कुणी देऊ नका. ती येते. तिच्यामुळेच ही अवस्था आहे. हे सगळं डोक्यात बसवायचं कसं?

---

रात्रपाळी

न्यूरो वॉर्डात सिस्टर आहे. केस तिथेच पांढरे झाले, त्यामुळे थोडं अधिकाराने सांगते.

तुझा तक्ता बरोबर आहे. पण तो क्रमांकावरून अवयवाकडे जातो आणि पेशंट नेमका उलट्या बाजूने येतो. "माझी सातवी गेली" असं कुणी सांगत नाही. "चूळ भरताना पाणी एका बाजूने ओघळतं" असं सांगतात. तेव्हा तक्ता बाजूला ठेव. अवयव धर आणि त्याला दोन प्रश्न विचार. इथलं कळवतं कोण? इथलं हलवतं कोण? जवळपास ग्रंथी असेल तर तिसरा, तिला पाझरवतं कोण? "मिश्र" हा शब्द तुला फक्त एवढंच सांगतो की उत्तर एका शब्दात येणार नाही.

मॅडमनी जीभ निवडली ती उगाच नाही. एवढ्याशा स्नायूवर निम्म्या नर्व्ह येऊन बसल्यात.

पुढचा दोन तृतीयांश भाग घे. टोचलं, भाजलं, खडा लागला, हे कळवणार पाचवी, म्हणजे ट्रायजेमिनलच्या खालच्या फाट्यातली लिंग्वल शाखा. त्याच भागाची चव मात्र सातवीची. सातवीची कॉर्डा टिम्पॅनी नावाची बारीक तार मधल्या कानातून, पडद्याच्या आतल्या अंगाने जाते आणि खाली येऊन लिंग्वलला मिळते. दोघींचा पुढचा रस्ता एक, पण काम वेगळं. कानाच्या ऑपरेशननंतर काही पेशंट "जिभेच्या एका बाजूला धातूसारखी चव येते" म्हणतात. ते वेड लागल्यासारखं वाटतं, पण ही तार आठवली की लगेच पटतं. मागचा एक तृतीयांश भाग सोपा आहे. स्पर्श आणि चव दोन्ही नववीकडे. अगदी घशाच्या तोंडाशी थोडंसं दहावीचं. हलवणारी बारावी, एक अपवाद सोडून. पॅलॅटोग्लॉसस नावाचा स्नायू जिभेला चिकटलेला असला तरी टाळूच्या कुळातला आहे, म्हणून तो दहावीचा. हा अपवाद तोंडी परीक्षेत हमखास येतो, वॉर्डात मला कधी लागलेला नाही.

बारावी तपासताना सगळे "जीभ बाहेर काढा" म्हणून सुरुवात करतात. तसं करू नकोस. आधी तोंड उघडायला लाव, जीभ आतच निवांत पडू दे आणि टॉर्च मार. नर्व्ह जुनी दुखावलेली असेल तर अर्धी जीभ सुकलेली दिसते, कडेला खाचा पडलेल्या असतात आणि पृष्ठभागाखाली काहीतरी वळवळतंय असं वाटतं. बाहेर काढलेली जीभ कुणाचीही थरथरते, त्यावरून काही ठरत नाही. मग बाहेर काढायला सांग. जीभ दुबळ्या बाजूला वळते. कारण दोन्ही बाजूंचे जिनिओग्लॉसस नावाचे स्नायू जिभेला पुढे ढकलतात, प्रत्येक जण थोडा समोरच्या अंगाला. एक बाजू थकली की धडधाकट बाजू तिलाच ढकलून देते.

आता पापणी. उघडते तिसरी, मिटते सातवी. (उघडायला सिम्पथेटिक नसांचाही थोडा हात असतो, म्हणून त्या बिघडल्या की, म्हणजे हॉर्नर्समध्ये, पापणी जराशी उतरते. पण ते नंतर.) तिसरी गेली की पापणी पडते, पेशंट बोटाने उचलून बघतो. सातवी गेली की पापणी मिटतच नाही. रात्री राउंडला असा पेशंट बघितलास तर तो गाढ झोपलेला असतो आणि एका डोळ्याची फट उघडी, आत फक्त पांढरं. बुबुळ वर फिरलेलं असतं. त्यालाच बेल्स फिनॉमिनन म्हणतात, आणि ते चांगलं लक्षण आहे, कॉर्नियाचं, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचं, तेवढंच संरक्षण होतं. तरीही अशा डोळ्याला दिवसा थेंब, रात्री मलम आणि टेप हे लागतंच. चेहरा आज ना उद्या बराचसा परत येतो. कॉर्नियाला जखम झाली तर नजर जाते. नातेवाइकांचं सगळं लक्ष वाकड्या ओठाकडे असतं, सिस्टरचं डोळ्याकडे असायला हवं.

चेहऱ्याचा वाद मिटवून टाक. कातडीला कळतं ते पाचवीमुळे, हावभाव होतात ते सातवीमुळे. गोंधळ होतो कारण पाचवीलाही प्रेरक भाग आहे, पण तो चावण्याच्या स्नायूंपुरता आणि तोही फक्त तिसऱ्या, खालच्या फाट्यात. दात आवळले तर पाचवी, दात दाखवले तर सातवी. गालातला बक्सिनेटर स्नायू मात्र सातवीचा. म्हणून बेल्स पाल्सीत घास चावता येतो, पण तो गाल आणि हिरडीच्या मध्ये अडकून बसतो. "गाल बधिर झालाय" असं पेशंट सांगतो, तरी कापूस फिरवून बघायचा. बहुतेक वेळा स्पर्श शाबूत असतो, हलत नाही म्हणून त्याला तसं वाटतं. आणखी एक, जबड्याच्या कोपऱ्यावरची कातडी पाचवीची नाही. तिथे मानेतल्या दुसऱ्या-तिसऱ्या मज्जातंतूंचा इलाका सुरू होतो. पाचवीची बधिरता तपासताना हा कोपरा वगळला जायला हवा.

कपाळाचं कारण असं. सातवीचं केंद्र मेंदूच्या दांड्यात, पॉन्समध्ये आहे. त्यातल्या कपाळ सांभाळणाऱ्या पेशींना मोठ्या मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतात, ओठ-गाल सांभाळणाऱ्यांना मुख्यतः विरुद्ध बाजूकडूनच. पक्षाघातात वरची एक बाजू बंद पडली तरी कपाळाला दुसरीकडून हुकूम मिळत राहतो. बेल्स पाल्सीत खुद्द नर्व्हच सुजलेली असते. मग हुकूम कुठूनही येवो, पोचवणारंच कुणी नाही.

हे परीक्षेसाठी. घरच्या कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं तर कपाळावरच्या आठ्या मोजत बसायचं नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं. पॉन्समधल्या झटक्यातही कपाळ जाऊ शकतं.

---

तिरकी_नजर

मेडिकलचा काही संबंध नाही. डोक्याला मार लागल्यानंतर माझी चौथी नर्व्ह दुखावली होती, त्यामुळे एका छोट्या नर्व्हबद्दल नको तेवढं ज्ञान आहे.

समोर बघताना सगळं ठीक. जिना उतरायला लागलो की एका पायरीच्या वर दुसरी पायरी दिसायची, किंचित तिरपी. वाचतानाही तेच, एका ओळीवर दुसरी ओळ चढलेली. एक डोळा झाकला की लगेच एकच. मला स्वतःला जाणवत नव्हतं, पण मी मान एका खांद्याकडे कलती ठेवून वावरत होतो. घरचे म्हणायचे, असा काय बघतोस संशयाने? डॉक्टरांनी मान उलट्या, म्हणजे दुखावलेल्या बाजूच्या खांद्याकडे कलवायला लावली तेव्हा दोन चित्रं एकदम लांब गेली. त्यावरूनच त्यांनी निदान पक्कं केलं.

चष्म्यात प्रिझम बसवून दिला. काही महिन्यांत बरंच सुधारलं. माझा प्रश्न असा की एवढा एकच स्नायू सांभाळणारी नर्व्ह डोक्याच्या मारात इतक्या सहज कशी सापडते?

---

रात्रपाळी

@तिरकी_नजर, वर्णन पुस्तकात छापण्यासारखं आहे. चौथी, म्हणजे ट्रॉक्लिअर, सगळ्यांत बारीक. बाकीच्या अकरा पुढून किंवा कडेने निघतात, ही एकटी मेंदूच्या दांड्याच्या पाठीमागून निघते, दुसऱ्या बाजूला ओलांडते आणि वळसा घालून पुढे येते. कवटीच्या आतला तिचा प्रवास सगळ्यांत लांब. डोकं आपटलं की एवढ्या लांब, बारीक तंतूला कुठेतरी झटका बसतोच. तिचा सुपीरिअर ऑब्लिक स्नायू नाकाकडे वळलेला डोळा खाली नेतो आणि डोळ्याला आतल्या अंगाला पीळही देतो. म्हणून जिना, म्हणून वाचन, आणि म्हणून मान कलती.

डोळ्याचं निघालंच आहे तर अभ्यासूसाठी. बाहेर नेणारी सहावी, हा एक चौथीचा, डोळा हलवणारे बाकीचे सगळे तिसरीचे. एवढं तुला येत असेल. पण आम्ही डोक्याच्या मारातल्या पेशंटच्या बाहुल्या रात्रभर तासातासाला का बघतो, ते सांग बरं? प्रकाश आत पोचवते दुसरी, बाहुली आकुंचवते तिसरी. बाहुलीचे तंतू तिसरीच्या अंगावर, बाहेरच्या थरात असतात. मेंदूला सूज आली किंवा रक्त साठलं आणि टेम्पोरल लोबचा (मेंदूच्या कानशिलाकडच्या बाजूचा) भाग खाली सरकला, की तो तिसरीला दाबतो आणि वरचे तंतू आधी चेपले जातात. त्या बाजूची बाहुली मोठी होते, आळसावते, मग प्रकाशाला उत्तरच देत नाही. पापणीची वाट बघत बसलास तर उशीर झाला. पेशंट झोपेतून उठवल्याबद्दल चिडतात, चिडू द्यावं. चिडला म्हणजे शुद्धीवर आहे.

याच्या उलट मधुमेहात. तिथे नर्व्हला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या बंद पडतात आणि आतला गाभा उपाशी मरतो. पापणी पडते, डोळा बाहेर-खाली जातो, पण बाहुली बहुधा वाचते. पडलेल्या पापणीसोबत बाहुली मोठी असेल तर डॉक्टर लगेच रक्तवाहिन्यांचा स्कॅन सांगतात, कारण शेजारच्या धमनीला आलेला फुगा तिसरीला दाबत असू शकतो.

सहावीवर मात्र फार विसंबू नकोस. कवटीतला दाब कुठल्याही कारणाने वाढला तरी ती ताणली जाते. दोष एकीकडे, बोट भलतीकडेच.

---

कानसेन

ऑडिओलॉजिस्ट आहे, त्यामुळे आठवीची बाजू मांडणं आलं. परीक्षेत "शुद्ध संवेदी" असंच लिही. खरं तर तिच्यातून मेंदूकडून कानाकडे जाणारे तंतूही असतात. ते कॉक्लियातल्या, म्हणजे आतल्या कानातल्या शंखातल्या, बाहेरच्या केसपेशींना आवर घालतात. तेव्हा शुद्ध वगैरे काही नाही, पण गुण त्या शब्दालाच मिळतात.

रात्रपाळीताईंची अवयव धरून विचारण्याची पद्धत कानाला लावून बघ, मजा येईल. ऐकणं आणि तोल आठवीचा. पण मोठा आवाज आला की मधल्या कानातला स्टेपिडियस आखडतो आणि आवाज थोडा रोखतो, तो स्नायू सातवीचा. बेल्स पाल्सीतल्या काही जणांना त्या बाजूला भांड्याचा आवाजही सहन होत नाही, ते यामुळे. आम्ही कानात आवाज सोडून हा रिफ्लेक्स मोजतो तेव्हा आत जाणारी आठवी आणि बाहेर येणारी सातवी, दोघींची परीक्षा एकाच वेळी होते. शेजारचा टेन्सर टिम्पॅनी परत पाचवीचा.

आणि कानाच्या कातडीवर तर पाचवी, सातवी, नववी, दहावी अशी सगळ्यांची थोडी थोडी जमीन आहे, वर मानेतल्याही आहेत. मी श्रवणयंत्राचा साचा घ्यायला कानात फोमचा बोळा सरकवतो आणि काही लोक चक्क खोकतात. दरवेळी "सॉरी हं, घसा ठीक आहे" म्हणतात. घसा ठीकच असतो. नळीतल्या कातडीत व्हेगसची, म्हणजे दहावीची, शाखा आहे, तिला बोळा लागला की मेंदूला वाटतं घशाकडून निरोप आला.

हेच उलटही होतं. दाढ किडली की कान दुखतो, टॉन्सिल काढल्यावर कान दुखतो. मोठ्या माणसाचा कान सतत दुखतोय आणि कान तपासला तर अगदी स्वच्छ, असं असेल तर घसा नीट बघून घ्यायलाच हवा. थेंब घालत बसू नये.

---

अर्धवट_अभ्यासू

ताई, जीभ आणि पापणी एकदम बसली. कानसेन, तो खोकला मला घरी करून बघायचा मोह होतोय, करत नाही.

राहिले ९, १०, ११. नववी आणि दहावी वेगळ्या कशा तपासायच्या? आणि अकरावीवर आमच्या नोट्समध्ये दोनच ओळी आहेत.

---

रात्रपाळी

खरं सांगू? बेडपाशी नववी आणि दहावी वेगळ्या करायच्या भानगडीत कुणी पडत नाही. घशात काही लागलं हे कळवणारी नववी, उबळ (खोकल्याची नव्हे, ओकारीसारखी) आणणारी दहावी. त्या एकाच भोकातून कवटीबाहेर पडतात, अकरावीही त्यांच्यासोबत, त्यामुळे तिथे गाठ झाली तर तिघी एकदम सापडतात. नववीचा स्वतःचा स्नायू एकच, स्टायलोफॅरिंजियस. बाकी तिचं काम बरंचसं न दिसणारं आहे. कानापुढच्या लाळग्रंथीला पाझरवणं, मानेतल्या कॅरॉटिड सायनसमधून रक्तदाब वर कळवणं.

"आ" करायला सांग. टाळू उचलताना पडजीभ चांगल्या बाजूला जाते. जिभेच्या बरोब्बर उलट, इथे सगळ्यांची गल्लत होते. कारण लक्षात ठेव म्हणजे बाजू पाठ करावी लागत नाही. जीभ ढकलली जाते, टाळू ओढला जातो.

उबळ आली म्हणजे गिळणं सुरक्षित, असं मात्र समजू नकोस. कित्येक धडधाकट माणसांना उबळ येतच नाही आणि उबळ येणाऱ्यांच्याही श्वासनळीत पाणी जातं. मी पेशंटला नीट बसवते, चमचाभर पाणी देते, गिळल्यावर बोलायला लावते. आवाज ओला, घरघरता आला की तोंडाने काही देणं बंद आणि गिळण्याची नीट तपासणी होईपर्यंत बंदच. खोकला आला नाही म्हणून गाफील राहायचं नाही. काहींना खोकलाही येत नाही, गुपचूप आत जातं.

दहावीचा पसारा फार मोठा आहे, हृदयापासून मोठ्या आतड्याच्या अर्ध्याहून पुढेपर्यंत. तंतू मोजले तर त्यातले बहुतेक संवेदी, वर खबर नेणारे. स्वरयंत्राची डावी शाखा तर छातीत उतरून महाधमनीखालून वळसा घालून परत वर येते. म्हणून आवाज बसलाय ही तक्रार असलेल्या माणसाचा कधीकधी छातीचा स्कॅन निघतो.

अकरावी तुझ्या कामाची आहे, दोन ओळीत उरकू नकोस. दोन स्नायू, मानेच्या बाजूचा स्टर्नोक्लिडोमॅस्टॉइड आणि खांदा उचलणारा ट्रॅपेझियस. उजवा स्टर्नोक्लिडोमॅस्टॉइड तोंड डावीकडे वळवतो, तेव्हा तपासताना हात डाव्या गालाला लाव आणि बोटं उजव्या मानेवर ठेव. मानेच्या बाजूची गाठ काढताना ही नर्व्ह कातडीच्या अगदी जवळ असते, दुखावते. पेशंट तुमच्याकडे "खांदा आखडला" म्हणून येतो, हात खांद्याच्या वर जात नाही. शर्ट काढायला लाव, मागून बघ. खांदा उतरलेला असेल, मानेवर जुना छोटा व्रण असेल तर नुसता खांदा शेकून उपयोग नाही.

आता तुझी पाळी. पेशंटचा उजवा डोळा मिटत नाही, उजव्या कपाळावर आठ्या नाहीत. उजव्या कानाला आवाज मोठे लागतात, उजव्या बाजूला जिभेच्या पुढच्या भागाची चव गेली आहे. पण त्या डोळ्यात पाणी व्यवस्थित तयार होतं. घोटाळा कुठे?

---

अर्धवट_अभ्यासू

उजवी सातवी, आणि कपाळही गेलंय म्हणून नर्व्हमध्येच, वर मेंदूत नाही. चव आणि स्टेपिडियस दोन्ही गेले म्हणजे त्या दोन फांद्या फुटायच्या आधी. अश्रुग्रंथीची फांदी त्याहून आधी फुटते आणि ती वाचली आहे. म्हणजे कानाच्या हाडातल्या बोगद्यात, जेनिक्युलेट गँग्लियनच्या (सातवीवरच्या गाठीच्या) पुढे पण स्टेपिडियसच्या फांदीच्या अलीकडे?

---

रात्रपाळी

अगदी. मॅडमना हेच सांग, त्याच शब्दांत.

फक्त पाणी तयार होतंय हे नुसतं बघून ठरवू नकोस. पापणी सैल पडली की अश्रू नाकाकडे न जाता गालावर ओघळतात, ग्रंथी कमी पाझरत असली तरी. खालच्या पापणीत टिपकागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत किती मिलिमीटर भिजली ते दोन्ही डोळ्यांचं मोजतात. त्याला शर्मर टेस्ट म्हणतात.

---

कानसेन

आणि स्टेपिडियसचंही नुसतं पेशंटच्या सांगण्यावर नको, आमच्याकडे पाठव. रिफ्लेक्स मोजून देतो.